दीक्षितांचे दोन बँड

मैसूरच्या रेल्वे स्टेशनाजवळून एक रस्ता वायव्येला कृष्णराजसागर धरणाकडे निघतो. गावात त्याला सगळे केआरएस रोड म्हणतात. वाटेत सीएफटीआरआय ही अन्नसंशोधन संस्था ज्या जुन्या राजवाड्यात आहे तो वाडा लागतो. पुढे यादवगिरी येते. आर. के. नारायण यांनी आपले घर इथेच बांधले. मग ओंटिकोप्पल, आणि शहर आता संपले असे वाटू लागते तेवढ्यात मेटगळ्ळी सुरू होते. कधीकाळी हे खेडे होते. मग विक्रांत टायर्सचा कारखाना आला (तो आता जे. के. टायरकडे आहे), कामगारांच्या वसाहती आल्या आणि शेजारच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत इन्फोसिसचे अवाढव्य प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या या कंपनीत दाखल होणारी देशभरातली पोरे आपले पहिले काही महिने इथे काढतात. वृंदावन गार्डनची कारंजी पाहायला निघालेल्या बसगाड्या मेटगळ्ळीवरून रोज जातात, पण थांबत नाहीत.

मैसूर म्हटले की आपल्याला अंबारी, चंदन, रेशीम आणि तुपात निथळणारा मैसूरपाक आठवतो. संगीताचे म्हणाल तर वीणा. या चित्रात इलेक्ट्रिक गिटारला जागा नाही, भोंग्याच्या ठोक्यावर पाळी बदलणाऱ्या मेटगळ्ळीलाही नाही. पण गेल्या पंचवीस वर्षांत भारतातल्या रॉक संगीताला ज्या दोन बँडनी स्वतःचा चेहरा दिला, त्या दोन्हींचे पुढारी याच शहरात वाढले आणि ते सख्खे भाऊ आहेत. थोरले रघू दीक्षित, त्यांचा 'द रघू दीक्षित प्रोजेक्ट'. धाकटे वासू दीक्षित, त्यांचा 'स्वरात्मा'. दोघेही गाणी रचतात, स्वतः गातात आणि बँडला बरोबर घेऊन जातात. दोघांचीही कारकीर्द बंगळुरात घडली. पण दोघांच्या गाण्यांची मुळे शोधायला लागलो की आपण मैसूरला येतो, आणि त्यातले एक गाणे तर थेट या केआरएस रोडने धरणावर नेऊन सोडते.

दीक्षित आडनाव ऐकून मराठी माणूस लगेच 'आपलेच का?' असे विचारतो. रघू यांच्या बाबतीत उत्तर थोडेसे होकारार्थी आहे. रघुपती द्वारकानाथ दीक्षित यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९७४ रोजी नाशिकला झाला. वाढले मात्र ते मैसूरला, आणि कन्नड हीच त्यांच्या गाण्याची पहिली भाषा. ते भरतनाट्यम् शिकले, नुसते हौसेपुरते नव्हे तर 'विद्वत्' परीक्षेपर्यंत. मैसूर विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. केले आणि सुवर्णपदक मिळवले. नाचणारा, हुशार, शिस्तीत वाढलेला मुलगा. रॉक गायकाच्या आपल्या कल्पनेत यातले काहीच बसत नाही.

गिटार त्यांच्या हातात आली ती पैजेमुळे. कॉलेजातल्या एका मित्राने नाचण्यावरून त्यांना डिवचले, नाच हे काय पुरुषाचे काम आहे का, अशा अर्थाचे काहीतरी बोलला. रघू म्हणाले, दोन महिन्यांत गिटार शिकून दाखवतो. ही हकिकत त्यांनी मुलाखतींतून अनेकदा सांगितली आहे. मला तिच्यात महत्त्वाचे वाटते ते हे की गिटार हातात आल्यावर नाच सुटला नाही. रघू मंचावर येतात ते रंगीत लुंगी नेसून आणि पायांत घुंगरू बांधून. तालाचा एक मोठा भाग त्या पायांतून येतो. ज्या गोष्टीवरून हिणवले गेले तीच त्यांनी मंचावर सर्वांत पुढे ठेवली.

शिक्षणानंतर ते औषधनिर्मिती क्षेत्रातल्या नोकरीसाठी बेल्जियमला गेले. तिथे रेडिओवर आपली गाणी गायची संधी मिळाली आणि कन्नड-हिंदीचा गंधही नसलेल्या श्रोत्यांना ती आवडली. प्रयोगशाळा सोडून ते परत आले. त्याआधी आणि त्यानंतरही काही काळ त्यांचा 'अंतराग्नी' नावाचा बँड होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या या बँडमध्ये गिटारच्या बरोबरीने व्हायोलिन होते, आणि कर्नाटक संगीताच्या वळणाची गायकी होती. काही वर्षांनी तो फुटला. त्यावेळी रघू यांनी जे ठरवले ते मला फार शहाणपणाचे वाटते. पुन्हा चार-पाच जणांचा बंदिस्त बँड काढण्याऐवजी त्यांनी 'प्रोजेक्ट' काढला. गाणी रघू यांची, पण वाजवायला येणारी माणसे बदलतील, येतील, जातील, आपापले काही आणतील. बेस गिटार वाजवणारे गौरव वाझ यांच्यासारखे काही जण वर्षानुवर्षे टिकले, काही थोडे दिवस राहिले. आपल्याकडे कीर्तनकाराच्या मागे टाळकरी, मृदंगवाले बदलत राहतात आणि कीर्तन तेच राहते, तशी ही व्यवस्था आहे.

पहिला अल्बम निघायला मुंबई लागली. त्या काळात इंग्रजीऐवजी भारतीय भाषेत रॉक गाणाऱ्याला कंपन्या उभे करत नसत, आणि चित्रपटात नसलेले गाणे विकले जात नाही हा तर बाजाराचा धर्मच होता. रघू मुंबईत खेटे घालत होते. त्या दिवसांवर त्यांचे एक इंग्रजी गाणेही आहे, 'आय अ‍ॅम इन मुंबई, वेटिंग फॉर अ मिरॅकल'. चमत्कार घडला तो वांद्र्यातल्या एका छोट्या कार्यक्रमात. संगीतकार विशाल ददलानी यांनी तिथे त्यांना ऐकले, आणि विशाल-शेखर या जोडीने आपल्या 'काउंटर कल्चर रेकॉर्ड्स' या नव्या लेबलवर २००७-०८ च्या सुमारास रघू यांचा पहिला अल्बम काढला. ददलानी स्वतः 'पेंटाग्राम' या मुंबईच्या रॉक बँडचे गायक. दुसऱ्याच्या गाण्यासाठी खिशात हात घालणारा संगीतकार आपल्याकडे दुर्मीळ असतो, म्हणून ही नोंद मुद्दाम करून ठेवतो.

त्या अल्बमवर कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतली गाणी आहेत. 'मैसूर से आई' हे खट्याळ प्रेमगीत आहे, 'हे भगवान' हे देवाकडे आयुष्य पुन्हा एकदा मागणारे गाणे आहे. कॉलेजांच्या संमेलनांत ही दोन्ही गाणी पोरे एका सुरात गाऊ लागली. पण त्या अल्बमचे खरे मोल वेगळ्याच दोन गाण्यांत आहे. ती रघू यांनी लिहिलेली नाहीत. एकोणिसाव्या शतकातच वारलेल्या एका शाळामास्तराची ती पदे आहेत.

शिशुनाळ शरीफ. जन्म १८१९, मृत्यू १८८९, गाव शिशुविनाळ, आजच्या हावेरी जिल्ह्यात. तेव्हा तो सगळा मुलूख धारवाड जिल्ह्यात आणि धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता. म्हणजे जोतीराव फुले आणि शिशुनाळ शरीफ हे एकाच इलाख्यातले, एकाच काळातले. शरीफ मुसलमान घरात जन्मले आणि कळसगावच्या गोविंदभट्ट नावाच्या ब्राह्मणाचे शिष्य झाले. दोन्हीकडच्या लोकांनी बोल लावले. गुरूने आपले जानवे काढून शिष्याच्या गळ्यात घातले ही कथा उत्तर कर्नाटकात आजही भक्तिभावाने सांगतात. आपल्याकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेत, त्यांना मानणाऱ्या वारकऱ्याला शरीफ समजावून सांगावे लागत नाहीत.

शरीफांची पदे वरून अगदी घरगुती. एका पदात घराचे छप्पर गळते आहे. एकात गुडगुडी, म्हणजे हुक्का, ओढण्याचे आमंत्रण आहे. एकात कोंबडी माकडाला गिळते आणि असेच उलटेपालटे सगळे घडत जाते, आपल्या मुक्ताबाईंच्या मुंगीच्या अभंगासारखे. गळके घर म्हणजे हा देह आणि त्यातले अज्ञान, गुडगुडी म्हणजेही देहच. बाजारात, गुत्त्यात, शेतात ऐकू येणाऱ्या बोलीत तत्त्वज्ञान सांगायचे ही रीत नाथांच्या भारुडाची. म्हणून मला शरीफ ऐकताना परके वाटत नाहीत.

कर्नाटकात ही पदे घरोघरी पोचवली ती सी. अश्वथ यांनी. त्यांनी बांधलेल्या चाली, त्यांचा तो फुटून बाहेर येणारा आवाज, आणि १९९० साली टी. एस. नागाभरण यांनी काढलेला 'संत शिशुनाळ शरीफ' हा चित्रपट. त्यानंतर कर्नाटकात शरीफ म्हणजे अश्वथ असे समीकरण झाले. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या विराण्या म्हटल्या की हृदयनाथांच्या चाली आणि लताबाईंचा आवाजच कानात येतो, दुसरे काही येत नाही. अशा वेळी नव्या गायकाने काय करावे? बहुतेक जण ती लोकप्रिय चाल तशीच उचलतात, मागे ड्रम आणि गिटार लावतात आणि त्याला फ्यूजन म्हणतात.

रघू दीक्षित यांनी चालच बदलली. गळक्या छपराचे पद त्यांनी संथ गिटारवर, स्वतःशी बोलावे तसे मांडले. पावसात आढ्याकडे बघत बसलेला माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो, उपदेशक उभा राहत नाही. गुडगुडीचे पद त्यांनी झिंगेच्या दिशेने नेले, त्याला उसळती लय दिली. अश्वथांच्या चालीवर वाढलेल्या कानाला हे सुरुवातीला खटकणारच. पण शब्दाला धक्का नाही आणि अर्थ निसटत नाही. चाल नवी, पद तेच. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातला खरा प्रयोग हाच आहे. लुंगी, घुंगरू, व्हायोलिन आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र येणे हे डोळ्यांना दिसते म्हणून त्याची चर्चा जास्त होते. पण जे पद लोकांनी एका चालीत मनात बसवून टाकले आहे, ते तिच्यातून सोडवून आपल्या काळाच्या लयीत पुन्हा उभे करायला अभ्यास लागतो, पदावर प्रेम लागते आणि शिव्या खाण्याची तयारी लागते. पुढे २०१३ च्या 'जग चंगा' या दुसऱ्या अल्बमवरही त्यांनी शरीफांना सोडले नाही.

२०१० साली बीबीसीवर जूल्स हॉलंड यांच्या संगीत-कार्यक्रमात रघू यांचा बँड गायला. इंग्लंडात या कार्यक्रमाला मान आहे, तिथे गाजलेले आणि नवखे कलावंत एकाच दालनात गातात. त्यानंतर त्यांचा अल्बम ब्रिटनच्या आयट्यून्सवर जागतिक संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. २०११ मध्ये 'साँगलाइन्स' या लंडनच्या मासिकाने त्यांना उत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार दिला आणि त्याच वर्षी ते ग्लास्टनबरीच्या महोत्सवात गायले. हावेरीच्या शाळामास्तराची पदे त्यांच्याबरोबर इंग्लंडच्या चिखलातल्या त्या मैदानांपर्यंत पोचली होती.

इंग्रज श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मी हे सांगत नाही. मैसूरचे आणि लंडनचे संगीताचे नाते त्याहून बरेच जुने आहे आणि त्यात देणारा हात मैसूरचा होता, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. मैसूरचे शेवटचे महाराज जयचामराज वडियार यांना तरुणपणी पियानोवादक व्हायचे होते. १९४० मध्ये गादी मिळाली आणि ते राहून गेले. पण निकोलाय मेट्नर हा रशियन संगीतकार लंडनमध्ये विपन्नावस्थेत आणि विस्मरणात पडला आहे हे कळल्यावर महाराजांनी त्याच्या नावाने संस्था काढली आणि एचएमव्हीकडून त्याच्या रचना ध्वनिमुद्रित करून घेण्याचा खर्च उचलला. मेट्नरने आपला तिसरा पियानो कन्चेर्टो मैसूरच्या महाराजांना अर्पण केला आहे. लंडनच्या फिलहार्मोनिया संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. रिचर्ड श्ट्राउस यांची 'शेवटची चार गीते' २२ मे १९५० रोजी अल्बर्ट हॉलमध्ये जगात प्रथम गायली गेली, त्या मैफलीची आर्थिक हमी मैसूरने दिली होती. हेच महाराज इकडे कर्नाटक पद्धतीत कृती रचत होते. त्यांच्या ९४ कृती आज गायल्या जातात.

राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यवृंद होता आणि कर्नाटक वाद्यांचा वृंदही होता. त्याच शहरात टी. चौडय्या यांनी आवाज लांबवर पोचावा म्हणून व्हायोलिनला चाराऐवजी सात तारा लावल्या. आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, म्हणजे आपल्या भास्करबुवा बखल्यांचे गुरू, मैसूर दरबारात होते. मिरजेहून अब्दुल करीम खाँ मैसूरला वारंवार जात, दरबाराने त्यांना 'संगीतरत्न' किताब दिला, आणि कर्नाटक पद्धतीच्या सरगमेचे जे वेड त्यांच्या गायकीत दिसते त्याचा धागा या वाऱ्यांशी जोडला जातो. ग्रामोफोनच्या पहिल्या सम्राज्ञी गौहर जान मैसूरच्या आश्रयाला आल्या आणि १७ जानेवारी १९३० रोजी तिथेच वारल्या. आणि १९३५ मध्ये एम. व्ही. गोपालस्वामी नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या राहत्या घरात, 'विठ्ठल विहार'मध्ये, खासगी रेडिओ केंद्र सुरू केले. त्याचे नाव आकाशवाणी. आज अख्ख्या देशाच्या रेडिओला असलेले नाव ते हेच.

परके वाद्य, परका सूर आला की त्याला बसायला पाट द्यायचा, ही या शहराची सवय आहे. म्हणून मैसूरच्या भरतनाट्यम् नर्तकाने गिटार उचलावी याचे मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते एवढेच की राजाश्रय संपल्यावर, पेन्शनरांचे गाव अशी ख्याती झाल्यावरही ती सवय टिकली.

आता धाकट्या भावाकडे वळू. 'स्वरात्मा'ची प्रकृती थोरल्यापेक्षा वेगळी. रघू यांच्या गाण्यात 'मी' असतो, प्रेम करणारा, हरवलेला, देवाला साकडे घालणारा. वासू यांच्या गाण्यात गाव असतो, बाजार असतो, राजकारण असते. मंचावर ते कधी कमरेला लाकडी घोड्याचा सांगाडा बांधून येतात. दक्षिणेतल्या जत्रांमध्ये अशी घोडी नाचतात, आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात शिगम्याला नाचतात. बँडमध्ये व्हायोलिन आहे, तालवाद्ये आहेत, बेस आणि ड्रम आहेत. 'स्वरात्मा' हा पहिला अल्बम २००९ चा, 'टोपीवाले' २०१२ चा, 'राह-ए-फकीरा' २०१८ चा. टोपीवाले म्हणजे मतदाराला टोपी घालणारे. 'द दीवारिस्ट्स' या मालिकेत त्यांनी शुभा मुद्गल यांच्याबरोबर एक गाणे केले. ख्यालगायकीत मुरलेला आवाज आणि रॉक बँड यांनी एकमेकांना जागा कशी द्यावी, याचा तो फार चांगला नमुना आहे. संगीताच्या विद्यार्थ्यांनी तो शोधून ऐकावा.

पण मला थांबायचे आहे ते पहिल्या अल्बमवरच्या 'प्यासी' या गाण्यापाशी. हे गाणे कावेरीचे आहे. नदी स्वतः बोलते, आणि तिच्या पाण्यावरून भांडणाऱ्या कर्नाटक आणि तमिळनाडू या दोन लेकरांकडे पाहते.

मेटगळ्ळीवरून सरळ पुढे गेले की ज्या धरणापाशी रस्ता संपतो ते कृष्णराजसागर म्हणजे या भांडणाचा मध्यबिंदू. १९११ मध्ये काम सुरू झाले, १९३१ मध्ये पुरे झाले. त्याचे कर्ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत घडलेले. पुराच्या वेळी आपोआप उघडणारी त्यांची दारे आधी, १९०३ मध्ये, खडकवासल्याला बसली. कावेरी तंटा लवादाची स्थापना १९९० मध्ये झाली, १९९१ च्या अंतरिम आदेशानंतर बंगळुरात आणि आसपास दंगली उसळल्या, तमिळ कुटुंबांना घरे सोडून जावे लागले. अंतिम निवाडा २००७ मध्ये आला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ मध्ये. पाऊस कमी झाला की आजही मैसूर-मंड्याचे शेतकरी रस्त्यावर उतरतात.

या प्रश्नावर मैसूरच्या मुलाने गाणे करायचे तर सोपा रस्ता उघड होता. 'पाणी आमचे' म्हणायचे आणि टाळ्या घ्यायच्या. कन्नड चित्रपटसृष्टीतले मोठमोठे तारे मोर्चांच्या अग्रभागी उभे राहिलेले लोकांनी पाहिले होते. वासू आणि त्यांच्या सोबत्यांनी कोणाचीही बाजू न घेता नदीची बाजू घेतली, आणि तीही हिंदीत, म्हणजे भांडणाऱ्या दोघांपैकी कोणाचीच नसलेल्या भाषेत. बेळगावच्या वादावर गेली सत्तर वर्षे आपण दोन्हीकडून घोषणाच ऐकत आलो. या वादावर कोणी असे गाणे केले असते, तर आपण ते ऐकून घेतले असते का? हा प्रश्न मला 'प्यासी' ऐकताना दर वेळी पडतो.

दोन्ही भावांच्या कामाबद्दल माझ्या काही तक्रारी आहेत. रघू यांचा पहिला अल्बम खडबडीत आहे, तरी मला तोच आवडतो. 'जग चंगा'मध्ये ध्वनिमुद्रण इतके घोटलेले आहे की घुंगरांचा घाम त्यातून पुसला गेला आहे. त्यांनी चित्रपटांनाही संगीत दिले. २००८ च्या 'सायको' या कन्नड चित्रपटातले महादेश्वराचे गाणे कर्नाटकात तुफान गाजले. मैसूर-चामराजनगर भागात महादेश्वराचे भक्त कंसाळे, म्हणजे काशाचे टाळ, वाजवत नाचतात, तो ठेका त्या गाण्याच्या पोटात आहे. पण चित्रपटाच्या प्रसंगाला बेतलेल्या इतर गाण्यांत हा सूर क्वचितच सापडतो, आणि त्या कामात गेलेली वर्षे बँडच्या वाट्याला आली असती तर बरे झाले असते असे वाटते. 'स्वरात्मा'चे संदेश काही वेळा गाण्यापेक्षा मोठे होतात. 'टोपीवाले' मंचावर जितका रंगतो तितका घरात बसून ऐकताना रंगत नाही. खरे तर हे दोन्ही बँड प्रत्यक्षच ऐकायचे बँड आहेत.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. ऑक्टोबर २०१८ मध्ये, 'मी टू' चळवळीच्या काळात, रघू दीक्षित यांच्या गैरवर्तनाबद्दल एका स्त्रीचे कथन गायिका चिन्मयी श्रीपाद यांनी समाजमाध्यमावर मांडले. रघू यांनी जाहीर निवेदन काढून माफी मागितली. त्यांच्या गाण्यांवर प्रेम करणाऱ्या अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, त्यानंतर ती गाणी पूर्वीच्या मोकळ्या मनाने ऐकता आली नाहीत. कलावंताचे गुण गाणाऱ्या लेखांतून असे प्रसंग गाळण्याची आपल्याकडे रूढी आहे. ती मला मान्य नाही. शरीफांच्या पदांना दिलेल्या चाली चांगल्या आहेत हे खरे, आणि हेही खरे. ज्याने त्याने दोन्ही ठाऊक असताना आपापले ठरवावे.

आता आपल्या अंगणात. मुंबईने भारतीय रॉकला खूप दिले. 'रॉक मशीन' हा बँड १९८४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे 'इंडस क्रीड' झाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही त्यातली नावे आपल्या ओळखीची. धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेन्डन्स रॉक'ला हजारो पोरे जमत. पण ती सगळी गाणी इंग्रजीत. पुण्याचा 'अग्नी' हिंदीत गायला. मराठीत कवी-गायक नाहीत असे नाही. संदीप खरे यांनी सलील कुलकर्णींबरोबर 'आयुष्यावर बोलू काही' गावोगावी नेले आणि तिकीट काढून स्वतःच्या कविता ऐकायला लोक येतात हे सिद्ध केले. अलीकडे 'अभंग रिपोस्ट'सारखा बँड गिटार आणि ड्रमवर अभंग गातो, कॉलेजातली मुले त्यांच्याबरोबर विठ्ठलनाम घेत नाचतात. मला हे मनापासून आवडते. तरीही एक उणीव राहते. आपल्याकडे बहुतेक जण रुळलेली चाल नव्या कपड्यांत आणतात. तुकोबांच्या साडेचार हजार अभंगांतून तेच वीस-पंचवीस पुन्हा पुन्हा येतात. जनाबाई, सोयराबाई, चोखोबा यांच्या ज्या रचनांना कोणीच चाल लावलेली नाही त्या तशाच गाथेत पडून आहेत. शेख महंमदांचे नाव तर मंचावर येतही नाही.

हे धाडस आपल्या परंपरेला परके नाही. गदगचा, कन्नड मातृभाषेचा एक तरुण गायक पुण्यात आला आणि पुढे राम फाटकांच्या नव्या चालींत मराठी अभंग गाऊ लागला, तेव्हा तेही नवेच होते. ख्यालगायकाने अभंगाचे स्वतंत्र कार्यक्रम करावेत का, असे विचारणारे तेव्हाही होते. भीमसेन जोशींची 'संतवाणी' आज आपल्याला सनातन वाटते, कारण ती आपण पन्नास वर्षे ऐकली. ती नवी होती तेव्हा तिला कोणीतरी सभागृह दिले, आणि लोक तिकीट काढून गेले.

म्हणून या अंकाच्या वाचकांकडे, त्यांतल्या कार्यक्रम ठरवणाऱ्यांकडे, माझे एक मागणे आहे. दिवाळी पहाट आता प्रत्येक शहरात होते, तालुक्याच्या गावातही होते. तिथे दरवर्षी तीच गाणी, त्याच क्रमाने, त्याच निवेदनासह होतात, आणि त्यांचे प्रेक्षक दरवर्षी एका वर्षाने म्हातारे होतात. तीन तासांतला एक तास तुमच्या गावातल्या तरुण बँडला द्या. अट एकच घाला: संतांचे किंवा शाहिराचे पद, पण चाल त्यांची स्वतःची. त्यांना फुकट गायला लावू नका, निवेदकाला देता तेवढे तरी मानधन द्या. ध्वनियंत्रणा लावून तपासायला आदल्या संध्याकाळी दोन तास द्या, कारण ड्रम आणि गिटारचा आवाज नीट लागला नाही तर शब्द ऐकू येत नाहीत आणि मग लोक बँडला दोष देतात. पहिल्या वर्षी काही खुर्च्या रिकाम्या होतील. दुसऱ्या वर्षी त्याच बँडला पुन्हा बोलवा.